घोंगडी आणि उणे ऐंशी

हृदयाच्या प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या केंद्रात आजवर सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं प्रथिन म्हणजे केराटिन. कातडी, केस, नखं यांचं. केंद्राच्या नावात हृदय आहे, रक्तवाहिन्या आहेत, पत्राच्या कागदावर लाल रंगातलं सुबक हृदयही छापलेलं आहे. आणि यंत्रातून निघतं काय, तर माणसाच्या अंगाची खरवड. कुणी नमुन्यावर वाकून बघतं, कुणी कपाळ खाजवतं, कुणी हातमोजा चढवताना उघड्या बोटांनी तोच बाहेरून धरतं. झालं. एखाद्या रुग्णाच्या हृदयाच्या स्नायूचा मोहरीएवढा तुकडा, त्यातून निगुतीने काढलेली प्रथिनं, आणि त्यात आपली भर. यंत्र मुलखाचं प्रामाणिक. जे जास्त आहे ते आधी दाखवणार.

म्हणून आतल्या दारावर पाटी आहे: लोकरीचे कपडे घालून आत येऊ नये. बॉस्टनच्या जानेवारीत ही पाटी वाचून नवे विद्यार्थी हसतात. ती माझ्यामुळे लागली, हे त्यांना कुणी सांगत नाही.

एका हिवाळ्यात मिरजेहून येताना मी घोंगडी आणली होती. धनगराच्या मागावरची, काळी, टोचरी, दोन माणसं सहज झोपतील एवढी. आमच्या इमारतीत यंत्रांसाठी गारवा सांभाळतात आणि त्याचा प्रसाद माणसांना मिळतो, म्हणून ती मी ऑफिसातल्या खुर्चीवर टाकली. दिवसभर पांघरून बसायचं, मधेच उठून तशीच आत जायचं. दोन-तीन आठवड्यांनी आमची तंत्रज्ञ हातात कागद घेऊन दारात उभी राहिली. (ही बाई माझ्या आधीपासून इथे आहे आणि माझ्यानंतरही असेल.) नमुन्यांत केराटिन नेहमीचंच होतं, पण या वेळी त्यातलं काही मेंढीचं होतं. शोधयादीत आम्ही मेंढीचीही प्रथिनं मुद्दाम ठेवतो, कारण स्वेटर घालणारी माणसं जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत आहेत. तिने कागद माझ्यापुढे ठेवला, खुर्चीकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता गेली. वीस वर्षं प्रथिनांच्या मागे घालवून मी सिद्ध काय केलं, तर माझी घोंगडी अस्सल आहे.

घोंगडी घरी गेली. पाटी राहिली.

"तू नक्की करतेस काय गं?" हा आईचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ मध्ये मिशनऱ्यांनी तिथे इस्पितळ काढलं, तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतली आणि कर्नाटकातली माणसं दुखणी घेऊन मिरजेत उतरतात. अशा गावात 'पोरगी अमेरिकेत हृदयाचं काहीतरी करते' एवढं कळलं की पुरे. ओळखीपाळखीचे लोक व्हॉट्सॲपवर ईसीजीचे फोटो पाठवतात. मी डॉक्टर आहे, पण त्यातली नव्हे, हे समजावण्याचा नाद मी केव्हाच सोडला. फोटो उघडते आणि उत्तर लिहिते, "डॉक्टरांना दाखवा."

आईला एकदा मी असं सांगून बघितलं होतं. रक्तातल्या पेशी काढून टाकल्या की उरतं ते पिवळसर पाणी म्हणजे प्लाझ्मा. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन नावाचं प्रथिन सुमारे ४० मिलिग्रॅम असतं. हार्ट अटॅक आलाय का हे बघायला डॉक्टर ज्याची तपासणी करतात ते ट्रोपोनिन निरोगी माणसात त्याच एका मिलिलिटरमध्ये फार तर १४ पिकोग्रॅम. वजनाला वजन लावलं तर एकाला सुमारे तीनशे कोटी. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख होती. असे पंचवीस महाराष्ट्र एका मैदानात उभे करायचे आणि त्यातला एक माणूस हुडकायचा.

आई म्हणाली, "त्याचं नाव-गाव तरी माहीत असतं का?"

मला वाटतं, माझ्या कामावर इतका नेमका प्रश्न अनुदान समितीनेही विचारलेला नाही. ट्रोपोनिनचं नाव-गाव माहीत असतं. त्याला ओळखणारी अँटिबॉडी तयार आहे, ती गर्दीत घुसून बरोबर त्याचाच हात धरते. २००० साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी हार्ट अटॅकची व्याख्याच ट्रोपोनिनच्या आधाराने नव्याने लिहिली, ती या ओळखीच्या जोरावर. आम्ही शोधतो ते अनोळखी. अटॅकच्या आधी वर्षभर, पाच वर्षं, रक्तात कुणी नवखा हिंडत होता का? त्याचा फोटो नाही, वर्णन नाही. गर्दीतल्या प्रत्येकाला तोलून बघायचं आणि मग ठरवायचं, हा इथला नव्हे.

त्यात गर्दीही सरळ नसते. प्लाझ्मातल्या प्रथिनांच्या एकूण वजनापैकी ९९ टक्के वजन अवघ्या बावीसएक प्रथिनांचं असतं. बाकीची हजारो त्या उरलेल्या एका टक्क्यात दाटीवाटीने राहतात. मग आधी अल्ब्युमिन काढून टाका, असं कुणालाही सुचतं, आम्हालाही सुचलं. पण अल्ब्युमिन रक्तातलं हमाल आहे. लहानसहान प्रथिनं त्याच्या पाठीवर बसून फिरतात. हमालाला बाहेर काढलं की पाठीवरचं ओझंही त्याच्याबरोबर जातं, आणि कधी कधी आपल्याला हवं होतं ते नेमकं त्या ओझ्यातच असतं. एका विद्यार्थ्याचं दीड वर्ष असं हमालाबरोबर बाहेर गेलं. ते मी त्याला थांबवायला हवं होतं, आणि मी त्या महिन्यांत अनुदानाचे अर्ज लिहीत होते.

तोलायचं कसं, ही गोष्ट मला अजूनही गोड वाटते. प्रथिन अगडबंब असतं. ते उडवल्याशिवाय मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणू तोलणाऱ्या आमच्या यंत्रात, तोलता येत नाही, आणि उडवायला जावं तर तुटतं. यावर दोन उपाय निघाले आणि दोघांनाही २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जॉन फेन यांनी द्रावणाचा विजेच्या दाबाखाली बारीक फवारा केला; थेंब वाळत जातो आणि प्रथिन विद्युतभार घेऊन तरंगत राहतं. दुसरे कोइची तानाका, शिमाझु कंपनीतले इंजिनिअर. पीएचडी नाही. १९८५ मध्ये त्यांनी चुकून धातूच्या भुकटीत भलतंच द्रव मिसळलं, ग्लिसरीन. भुकटी महागाची, टाकून कशाला द्यायची म्हणून तेच मिश्रण वापरून बघितलं, आणि मोठे रेणू अखंड उडाले. ही गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही. शिळ्या भाताचा फोडणीचा भात करणाऱ्या बाईला टाकाऊतून नोबेल निघतं यात काय विशेष!

२००२ हेच आमच्या धंद्याचंही वर्ष. त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेने देशभर दहा प्रोटिऑमिक्स (म्हणजे सगळ्या प्रथिनांचा एकत्र अभ्यास) केंद्रं काढायला सात वर्षांसाठी पैसे दिले. त्याआधी जो तो आपापल्या प्रयोगशाळेत एकेक प्रथिन कुरवाळत बसायचा. आता एका छपराखाली यंत्रं, रसायनवाले, हृदयवाले, संगणकवाले. आमचं केंद्र त्या दहांतलं नव्हे, त्यांचं बघून उभं राहिलेलं. मी तिथे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक, म्हणून आले तेव्हा टायटिनवर काम करायचं एवढंच डोक्यात होतं. टायटिन म्हणजे हृदयाच्या स्नायूतली स्प्रिंग. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं. टायटिन तीस हजारांच्या पुढे. माणसाच्या अंगातलं सगळ्यात मोठं प्रथिन, आणि ते दिवसाला एक लाख वेळा ताणलं जातं, परत येतं. मला ते आठ वर्षं पुरलं. मग आधीचे संचालक निवृत्त झाले, बाकी कुणी हो म्हणेना, आणि मी हो म्हटलं.

संचालक झाल्यावर पहिली दोन वर्षं मी पिपेट (थेंब मोजून घ्यायची नळी) खिशात घालून हिंडत होते. संधी मिळाली की वापरीन म्हणून. तिसऱ्या वर्षी ते एका नव्या मुलीला देऊन टाकलं.

केंद्र चालवणं हे पिठाच्या गिरणीसारखं आहे, आणि ही उपमा मी इथल्या सहकाऱ्यांना देऊ शकत नाही ही माझी जुनी खंत. लोक आपापलं दळण घेऊन येतात. प्रत्येकाला आपलं आधी हवं. ज्वारीनंतर गहू टाकला की पहिलं मूठभर पीठ मिसळीचंच येणार. तसं आमच्या यंत्रातही आधीच्या नमुन्याची लव मागे राहते आणि पुढच्यात उतरते. म्हणून दोन नमुन्यांच्या मधे नुसतं द्रावण धाववायचं. त्याचा वेळ जातो, त्या वेळाचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद. आणि काही नमुने तर उपासाच्या दळणासारखे. एखाद्या दुर्मिळ आजाराच्या रुग्णाचा एकच तुकडा असतो, परत मिळणार नसतो. त्याच्यासाठी सगळं खोलून, धुऊन, पुसून ठेवायचं आणि त्या दिवशी दुसरं कुणाचं काही घ्यायचं नाही. रांगेतली माणसं चिडतात. गिरणीवाल्याने जसं कुणाच्या ज्वारीला नावं ठेवायची नसतात, तसं मीही कुणाच्या गृहीतकाला नावं ठेवत नाही, निदान तोंडावर.

दळणाचा दर ठरवायचा हा वेगळा ताप. पैसे शेवटी सरकारी अनुदानांतून येतात, म्हणून नियम असा की सेवेवर नफा करायचा नाही. तोटाही कुणी भरून देत नाही. वर्षअखेर आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. यंत्र दहा लाख डॉलरच्या घरातलं, त्याच्या देखभालीचा वार्षिक करार किमतीच्या साधारण दहा टक्के. तो भरला नाही तर एक पंप गेला की तीन आठवडे गिरणी बंद. भरला तर एका पोस्टडॉकचा पगार गेला. दर वर्षी जूनमध्ये मी हे गणित मांडते आणि दर वर्षी करार भरते, आणि मग ज्याला घेता आलं नाही त्या माणसाचा अर्ज पुढे कित्येक दिवस टेबलावर असतो.

अनुदानाचे गुण हीसुद्धा आईला न पटलेली गोष्ट. इथे परीक्षक एकपासून नऊपर्यंत गुण देतात आणि एक म्हणजे उत्तम. जितके कमी तितकं चांगलं. "शाळेत असे मिळाले असते तर?" पाचातला जेमतेम एक अर्ज पास होतो. बाकीच्या चारांबद्दल तीन परीक्षक तीन दिशांना लिहितात. एकाला आमची उडी फार मोठी वाटली होती, दुसऱ्याला त्याच अर्जातली तीच उडी फार छोटी. मी दोन्ही शेरे छापून फळ्यावर शेजारी शेजारी लावले. विद्यार्थ्यांना तेवढीच करमणूक.

आणि ओव्हरहेड. हे ज्यांना माहीत नाही ते सुखी. संशोधनाला मिळालेल्या प्रत्येक डॉलरवर विद्यापीठाला इमारत, वीज, पाणी, हिशेबनीस यांसाठी वेगळे पैसे मिळतात. आमच्याकडच्या मोठ्या विद्यापीठांचा हा दर साठ टक्क्यांच्या आसपास. पंधरा वर्षं मीही या पैशाच्या नावाने बोटं मोडली. जातात कुठे म्हणून. मग फेब्रुवारी २०२५ मधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी सरकारने जाहीर केलं की सोमवारपासून सगळ्यांना सरसकट १५ टक्के. त्या रात्री मी पहिल्यांदा बसून यादी केली की ते पैसे जातात कुठे. उणे ऐंशी अंश सेल्सिअसचा एक जुना फ्रीजर साधारण एका अमेरिकन घराएवढी वीज खातो. आमच्याकडे असे अकरा आहेत. म्हणजे माझ्या मजल्यावर एक छोटी गल्ली राहते आणि तिचं वीजबिल मी आयुष्यात कधी बघितलेलं नव्हतं. न्यायालयाने तो निर्णय रोखला. यादी मी जपून ठेवली आहे.

फ्रीजरचा विषय निघालाच आहे तर २०१५ चं सांगते.

त्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११०.६ इंच बर्फ पडला, नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यात जास्त. त्यातला बहुतेक सहा आठवड्यांत. फुटपाथ म्हणजे दोन बाजूंना माणसाच्या उंचीच्या भिंती आणि मधे बोळ. फेब्रुवारीत एक दिवस लोकलगाड्या पार बंद होत्या, आणि पहाटे चारला माझ्या फोनवर फ्रीजर नंबर सातने हाक मारली. उणे ७१. फोन करून बघितला, इमारतीतला पहारेकरी म्हणाला, हो, दिवा लाल आहे. मी घरातून निघाले तेव्हा उणे ६८.

सातमध्ये काय होतं ते सांगायला हवं. आमच्यापासून वीसेक मैलांवर फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. १९४८ मध्ये तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांना विचारण्यात आलं, दर दोन वर्षांनी येऊन तपासून घ्याल का? कशासाठी, तर माणसाला हृदयविकार होतो कसा हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं म्हणून. ती माणसं आली, मग त्यांची मुलं आली, मग नातवंडं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांना 'रिस्क फॅक्टर' म्हणायची पद्धत याच अभ्यासातून, १९६१ मध्ये रूढ झाली. आपल्याकडे चाळिशी ओलांडली की डॉक्टर "कोलेस्टेरॉल करून घ्या" म्हणतात, त्या वाक्याचा उगम त्या गावात आहे. आमच्या सातमध्ये त्यांचं काही नव्हतं, आमचेच होते, आठशे रुग्णांचे प्लाझ्मा. पण फ्रेमिंगहॅमच्या शेजारी राहून एक धडा मिळतो: आज काढलेल्या रक्ताची किंमत वीस वर्षांनी ठरते. देणारा तोवर असेल-नसेल. नळी असायला हवी.

दोन मैल चालायला मला एक तास चाळीस मिनिटं लागली. तंत्रज्ञ आधीच पोहोचली होती; कशी, हे तिने आजतागायत सांगितलेलं नाही. फ्रीजर उणे ५९. कोरड्या बर्फाची, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडची, गाडी येणार नव्हती. अशा वेळेसाठी राखलेला रिकामा फ्रीजर रिकामा नव्हता. गेली तीन वर्षं 'असू दे, लागेल' म्हणून जो तो त्यात आपलं काहीतरी सरकवत होता, त्यात दोन डबे माझेच. तेवढ्यात वसतिगृहातून चालत आलेला एक विद्यार्थी खिडकीबाहेर बघून म्हणाला, एवढा बर्फ आहे, डबे बाहेर ठेवू या का? बाहेर उणे १५ होतं. आमच्या नमुन्यांच्या लेखी तो उन्हाळा. आम्ही तिघंही हसायला लागलो, आणि हसत हसतच राखीव फ्रीजर उपसायला घेतला. कुणाचं काय, विचारायला वेळ नव्हता. बोटं बधिर झालेली. आठशे नळ्यांचे रॅक हलवून दार लावलं तेव्हा साडेआठ वाजले होते आणि आमच्या पायाशी सहकाऱ्यांची तीन वर्षांची 'असू दे, लागेल' वितळत पडली होती.

त्या डब्यांवरून पुढे महिनाभर माझ्याशी दोन प्राध्यापक बोलत नव्हते. आपापल्या जागी ते बरोबरच होते. पण त्या सकाळी मला संचालक म्हणजे काय ते थोडंफार कळलं. शोध लागतो तेव्हा नाव दुसऱ्यांचं असतं आणि तसंच असायला हवं. माझ्या वाट्याला येतं ते दार नीट लागलंय ना हे बघणं.

माणसांविषयी फार लिहीत नाही, कारण ती वाचतील. एवढंच, की आमची ती तंत्रज्ञ पंपाच्या आवाजावरून सांगते की हा आठवडाभरात जाणार, आणि तो जातो. तिच्या नावावर शोधनिबंध मोजके. चांगल्या केंद्राची खूण काय असं मला कुणी विचारलं तर मी यंत्रांची यादी दाखवत नाही, अशी एखादी व्यक्ती किती वर्षं टिकली ते सांगते.

आता जे लिहायला बसले होते ते.

आमचे धाकटे काका १९९६ मध्ये गेले, बावन्नाव्या वर्षी. जिना चढताना धाप लागायची, पाय सुजायचे. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय मोठं झालंय. काका सढळ हाताचे, दारी आलेल्याला कधी रिकामं पाठवलं नाही. त्यामुळे घरात सगळे म्हणाले, मोठं असणारच. पुढे कित्येक वर्षं हे वाक्य आमच्याकडे कौतुकाने सांगितलं जायचं. मोठं झालेलं हृदय म्हणजे ताणून सैल पडलेला स्नायू, हे मला कळलं तेव्हा मी इथे होते, आणि ते मी घरी कुणाला सांगितलं नाही.

२००९ च्या सुरुवातीला 'नेचर जेनेटिक्स'मध्ये एक निबंध आला. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेसह अनेक संस्थांतल्या लोकांनी मिळून केलेलं काम. हृदयाच्या स्नायूत मायोसिन बाइंडिंग प्रोटीन सी नावाचं प्रथिन असतं, स्नायूच्या तंतूंना शिस्तीत धरून ठेवणारं. त्याच्या जनुकात पंचवीस अक्षरं गाळलेली असतील तर प्रथिनाचं शेपूट भलतंच तयार होतं. असं गाळलेलं जनुक भारतीय उपखंडातल्या शंभरातल्या सुमारे चौघांत आहे, आणि इतरत्र जवळपास नाही. निबंधानुसार अशांना हृदय निकामी होण्याचा धोका सुमारे सातपट. इतक्या लोकांत हे टिकलं कसं, तर त्रास होतो तो बहुधा उतारवयाकडे. तोवर लग्नं झालेली असतात, मुलं झालेली असतात. नंतरच्या अभ्यासांनी चित्र जरा मवाळ केलं. हे असणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही, आणि ज्यांच्यात फरक दिसतो त्यांच्यातल्या काहींच्या त्याच जनुकात आणखी एक बदल असतो. पण मी तो निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मवाळ काही नव्हतं. 'शंभरात चार' वाचताना मी आमच्या घरातली माणसं मोजत होते.

हे तपासणं आमच्या इमारतीत एका दुपारचं काम आहे. बोटातून थेंब, त्यातून डीएनए, पीसीआरने तेवढ्या तुकड्याच्या प्रती, मग जेलच्या थरावर बघायचं, दोन पट्टे की एक. कुणालाही सांगितलं असतं तर संध्याकाळी मेजावर उत्तर असतं. आणि सांगता येत नव्हतं ते माझ्यामुळेच. संचालक झाल्यावर मी जे पहिले नियम लिहिले त्यातला एक: केंद्रातल्या माणसांनी केंद्रातल्या कामासाठी एकमेकांचं रक्त घ्यायचं नाही. त्याआधी सर्रास चालायचं. निरोगी माणसाचा नमुना हवा, मग शेजारच्या टेबलावरचा दे रे जरा. पण साहेबाने मागितलं तर विद्यार्थी नाही म्हणेल का? आणि त्या नमुन्यात नको ते दिसलं तर कुणी कुणाला सांगायचं? नियम योग्यच होता. मी तो आजही बदलणार नाही. फक्त तो लिहिताना माझ्या मनात दुसरी माणसं होती.

नियमाच्या आधीचा एक डबा मात्र राहिला होता. मी नवीन असताना आम्ही आठ जणांनी रक्त दिलं होतं, यंत्र तपासायला. प्लाझ्मा संपला, पांढऱ्या पेशींचा थर वेगळा काढून गोठवलेला तसाच राहिला. त्यात डीएनए असतं. नळ्यांवर नावं नाहीत, एक ते आठ आकडे. यादी माझ्या कपाटात. मी सहा.

गेल्या मार्चमध्ये सर्वांत जुना फ्रीजर मोडीत काढायचा होता. नवी विद्यार्थिनी एकेक डबा बाहेर काढून यादीशी ताडत होती. तो डबा घेऊन ती माझ्या दारात आली. "याची ठेवण्याची मुदत कधीच संपली आहे. टाकायचा का?" फॉर्मवर संचालकाची सही लागते. मी म्हटलं, कोरड्या बर्फात ठेव, अर्ध्या तासात सांगते.

मिरजेत रात्रीचे साडेनऊ झाले होते. ताईला फोन लावला. उगीचच. तिने मागच्या महिन्यात इको करून घेतला होता, पन्नाशी उलटली म्हणून, डॉक्टरच म्हणाले म्हणून.

"चांगला आलाय. पण काकांचं सांगितलं तर म्हणाले, बहिणीलाही सांगा. तुझं झालंय का?"

"नाही अजून."

"म्हणजे काय? तुमच्याकडे तर सगळी मशिनं आहेत!"

"आमच्याकडची वेगळी आहेत."

"वेगळी म्हणजे? हृदयाचीच ना?"

मी आत गेले. विद्यार्थिनी डबा उघडून बसली होती, आठही नळ्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखं बर्फ. फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता. तिथे 'मुदत संपली' लिहिलं, सही केली, आणि तिने नळ्या लाल पिशवीत ओतल्या. सहा नंबर कुठली, ते मला वरून ओळखू आलं नाही.

मग माझ्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला, जशी इतर कुणी बाई करील तसा. काकांचं सांगितलं. त्यांनी जेनेटिक्सच्या विभागाचा नंबर दिला, तिथल्या मुलीने अकरा आठवड्यांनंतरची पहिली तारीख दिली, मंगळवार, सकाळी दहा. कॅलेंडर उघडलं तर त्या मंगळवारी मोठ्या यंत्राच्या वार्षिक देखभालीचा इंजिनिअर यायचा होता, त्याची वेळ मिळवायला आम्हाला दोन महिने लागले होते. तंत्रज्ञाला विचारलं. ती म्हणाली, पंप अजून चांगला वाजतोय, थांबेल.

इंजिनिअरला पुढची तारीख मागितली.